पुढची तार किती ताणायची

कोलशेत, ४ जून २०२५

श्री. पंढरी यांस,

'तुम्ही' असं लिहून बघितलं, पण हाताला ते वळण नाही, म्हणून 'तू'च लिहिते. बाबांच्या बाराव्याला मी अख्ख्या गावासमोर सांगितलं होतं की यापुढे सख्ख्या भावाशी एक शब्द बोलणार नाही. नऊ वर्षं पाळलं. लिहिणार नाही असं मी म्हटलं नव्हतं, तेव्हा शपथ मोडली असं समजून हुरळून जाऊ नकोस. तुझी खुशाली विचारायलाही हे पत्र नाही. ती मला कळत असते. आई दर संकष्टीला टिटवाळ्याच्या गणपतीला जाते आणि तुझ्या घरच्या फोडणीचा वास पदराला घेऊन परत येते. मी विचारत नाही, ती सांगत नाही.

काम असं आहे. माझी समृद्धी सोळा वर्षांची झाली. दोन वर्षं ती एका क्लबात शिडाची होडी चालवायला शिकते आहे. मला सगळ्यात शेवटी कळलं, तिच्या बापाला, सुदेशला, आधीपासून माहीत होतं. आता तिला आपली 'सगुणा' पाण्यात उतरवायची आहे, आणि तीही नारळी पौर्णिमेला, नऊ ऑगस्टला. मी नाही म्हणून बघितलं. ती म्हणाली, "मम्मी, तू नको म्हणालीस तर मी दुसऱ्या कोणाची तरी भंगार बोट घेऊन जाणार. त्यापेक्षा ही आपली आहे ना?" तुझीच भाची ती.

तेव्हा नऊ वर्षांनी पडवीतली ताडपत्री काढली. होडीचं फायबर धड आहे. शिडांच्या शिवणी मी मशीनवर पुन्हा मारून घेतल्या, ब्लाउज शिवून शिवून तेवढा हात बसला आहे. राहिलं ते पुढचं शीड. वारा वाढला की मागे बसल्या बसल्या दोरी ओढायची, नाकावरचा ड्रम फिरायचा आणि ते शीड आपल्याच कडेच्या, म्हणजे पुढच्या तारेभोवती गुंडाळलं जायचं. तुझी केवढी ऐट होती त्याची. बाबा तुला चिडवायचे, शीड हाताने उतरवायचा कंटाळा येणारा हा पहिलाच नाखवा म्हणून.

बाबा गेले त्या दिवशी ते गुंडाळलं गेलं नाही. का नाही, हे तुला, मला आणि सगळ्या गावाला माहीत आहे. सकाळी धक्क्यावर तू माझ्यासमोर म्हणाला होतास, "आज वारा नाही, तार जरा ढिली ठेवतो." ढिली तार खाली पिळते, वर पिळत नाही, आणि शीड उघडंच राहतं, हे तूच मला शिकवलेलं. बाबा होडीच्या नाकाशी सरकले ते तुझी चूक निस्तरायला, आणि गेले. यात नऊ वर्षांत काही बदल झालेला नाही.

माझ्या मुलीच्या हातात ती दोरी द्यायच्या आधी मला हे हवं आहे: पुढची तार किती ताणायची, बाजूच्या तारा कितव्या भोकात लावायच्या, ड्रमवर दोरीचे वेढे किती घ्यायचे. फक्त आकडे पाठव. दुसरं काही लिहिलंस तर फाडून टाकीन.

प्राची


कोलशेत, १६ जून २०२५

पंढरी,

तुझं उत्तर परवा आईच्या पिशवीत, पेढ्यांच्या पुड्याखाली मिळालं. "देवळात कोणीतरी दिला कागद," असं म्हणून ती तडक मोरीत पाय धुवायला गेली. लिफ्ट दुरुस्तीच्या फॉर्मच्या पाठीवर सहा ओळी आणि एक चित्र. आकडेच पाठव म्हटलं तर आकडेच पाठवलेस, 'समृद्धीला आशीर्वाद' एवढंही नाही. माझीही तेवढीच अपेक्षा होती. लिफ्टच्या तारा ताणायचं काम करतोस म्हणे आता. त्या तरी ढिल्या ठेवत नसशील.

काल रविवार होता. सुदेशने डोलकाठी धरली, समृद्धीने बाजूच्या तारा तुझ्या सांगण्याप्रमाणे तिसऱ्या भोकात लावल्या. मग पुढचं शीड वर चढवून त्याची तार ताणली. तू बावीस आकडा लिहिला होतास. समृद्धीने क्लबातून तार मोजायचं गेज आणलं होतं, त्यावर सतराच आला. सुदेशला खांद्याच्या दुखण्यामुळे जास्त ओढवेना. तशीच गुंडाळायची दोरी ओढून पाहिली. ड्रम अर्धा फेरा फिरला आणि अडला. शीड खाली थोडं पिळलं आणि वर तसंच उघडं राहिलं. ढिली तार आणि अडलेलं शीड, नऊ वर्षांपूर्वीचंच चित्र माझ्या पडवीत. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकी वर्षं कोणी तोंडावर बोललं नाही तरी गावात दोन-चार जण होतेच, "पोरगी रागाच्या भरात बोलली" असं म्हणणारे. त्यांना बोलवून दाखवावं असं वाटलं.

आईने समृद्धीला राखीचंही सांगून ठेवलं आहे. घरची मुलगी भावाला राखी बांधते तशी होडीलाही बांधते, ते. आता घरची मुलगी तीच. मी बांधायचे तशीच नाकाच्या कडीला बांधणार म्हणते. ती गेल्या वेळची माझी राखी आठवते का रे? लांब रेशमाची, मोठ्या गोंड्याची घेतली होती, धक्क्यावरून दिसायला हवी म्हणून. राखी कापायची नाही, तोडायची नाही, गाठ सोडून खाडीला द्यायची, हे सगळं आई आता नव्याने शिकवते आहे. मी मध्ये पडत नाही.

पुढच्या रविवारी बावीसपर्यंत ताणून बघते. ड्रम आपोआप फिरला पाहिजे.

प्राची


कोलशेत, २९ जून २०२५

पंढरी,

फिरला नाही.

या वेळी आम्ही कप्पी लावून तार ओढली. गेजवर चोख बावीस. तार इतकी ताठ की बाबांसारखं बोटाने छेडलं तर ऐकू येत होती. वेढेही तू लिहिलेस तेवढेच, आणि वर तीन जास्तीचे. दोरी ओढली, ड्रम अर्धा फेरा फिरला आणि तिथेच अडला, आधी अडला होता त्याच जागी. समृद्धी म्हणाली, "मम्मी, टेन्शनचा प्रॉब्लेमच नाहीये हा." मी तिला गप्प केलं.

तुझा आकडा चुकीचा असणार. नाहीतर तू काहीतरी लपवतो आहेस.

मी तो दिवस रोज बघते, तुला सांगून काय उपयोग. तीन वाजले होते. घोडबंदरच्या बाजूने काळं आलं आणि पाणी एकदम उकळल्यासारखं दिसायला लागलं. तू मागे बसून दोरी ओढत होतास, दोन्ही हातांनी. शीड फडफडत होतं. मग बाबा गुडघ्यांवर पुढे गेले. त्यांच्या अंगात जाकीट नव्हतं, खाडीत जन्मलेल्या माणसाला जाकीट कशाला, हे त्यांचं ठरलेलं. नाकाशी जाऊन ते खाली वाकून बसले. दोन्ही हातांनी काहीतरी करत होते. इतका वेळ काय करत होते तिथे? कमरेला सुरी होती. नारळ, जाळं, दोरखंड, अडलेली गोष्ट त्यांनी जन्मभर कापूनच मोकळी केली. एकदा चप्पल रुतली तर पट्टा कापून पाय काढला होता त्यांनी. त्या दिवशी एक वार केला असता तर शीड मोकळं झालं असतं. मी धक्क्यावरून ओरडत होते, "कापा, कापा." वाऱ्यात ऐकू जायला मी काय भोंगा होते का?

मग सगुणा आडवी झाली. तू वर आलास. ते संध्याकाळी तिवरांत सापडले. सुरी म्यानातच होती. आईने ती अजून देवघरात ठेवली आहे.

मला खरं काय ते कळव. तार ढिली होती की नाही?

प्राची


कोलशेत, १५ जुलै २०२५

पंढरी,

काल संकष्टी होती. आईची पिशवी जड होती. वर पेढे, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवाकोरा ड्रम, आणि ही चिठ्ठी: "तार ढिली होती. माझीच चूक. हा नवा ड्रम बसव. जुना उघडू नकोस, तसाच खाडीत टाक."

माझ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन वाक्यांत आलं. नऊ वर्षांत तू पहिल्यांदा कबूल केलंस. याच्यासाठी मी गावाचं जेवण सोडलं, तुझ्या पोराचे वाढदिवस टाळले, वहिनीने रस्त्यात हाक मारली तेव्हा भाजीच्या गाडीआड उभी राहिले. समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण तुझी शेवटची ओळ.

जुना का उघडू नको? त्यात काय आहे? मी सांगते. तू आत काहीतरी कच्चं काम केलेलं असणार, बेअरिंगचे छर्रे कमी बसवलेस किंवा भलताच खिळा ठोकलास. एवढी मोठी चूक कबूल करणारा माणूस ही बारकी चूक का लपवेल, ते मात्र मला समजत नाही. की ढिल्या तारेहून वाईट आहे ते? आईला विचारलं, "तो काय म्हणाला?" ती म्हणाली, "म्हणाला, प्राचीला सांग, ऐकायची सवय लाव जरा."

आता तर नक्कीच उघडणार.

प्राची


कोलशेत, १८ जुलै २०२५

पंढरी,

उघडला. आत काही नव्हतं, गंज होता. नवा बसवला आहे, छान फिरतो. समृद्धी खूश आहे.

आता पत्राची गरज नाही. उत्तर पाठवू नकोस.

प्राची


कोलशेत, २७ जुलै २०२५

मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं. आठ दिवस शिवणाचं एक काम धड झालं नाही. एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. म्हणून हे लिहिते.

ड्रम मी एकटीने उघडला. समृद्धी क्लासला गेली होती. खालचे दोन स्क्रू गंजले होते, त्यांना मशीनचं तेल सोडून थांबले. झाकण निघालं. ड्रम आणि त्याच्या पिंजऱ्याच्या मधल्या फटीत दोरा होता. आधी वाटलं जाळ्याचा असेल. सुईने थोडा थोडा बाहेर काढला. हातभर निघाला. मग गोंडा आला. चपटा, काळा झालेला, पण जरीची एक तार अजून चमकत होती. दादर स्टेशनबाहेरच्या गाडीवरून मी ती निवडून घेतली होती, ही नको ती द्या, अजून लांब दाखवा करत. लाल रंग आता चहासारखा झाला आहे.

मी दोऱ्याच्या धंद्यातली बाई आहे. काय झालं ते मला कोणी समजावून द्यायला नको. कडी ड्रमच्या वीतभर खाली. तू शीड उघडलंस तेव्हा ड्रम फिरला आणि त्याने राखीची लोंबती टोकं दोरीबरोबर आत ओढून घेतली. बंद करायला गेलास तेव्हा ती फटीत चावली गेली. कितीही ताणलेली तार असती तरी तो ड्रम फिरला नसता.

एवढ्यावर मी विश्वास ठेवला नाही. माझं डोकं असं आहे. नवा ड्रम बसवून मी समृद्धीला म्हटलं, तार ढिली कर. बावीसची वीस केली. शीड गुंडाळलं गेलं. अठरा, गुंडाळलं गेलं. पंधरा केली, वर थोडा झोळ राहिला, दिसायला गबाळं, पण गुंडाळलं गेलं. ती विचारत होती, "मम्मी, हे आपण का करतोय?" मी सांगितलं, मामाची परीक्षा घेते आहे. परीक्षा माझी होती.

म्हणजे तुझ्या ढिल्या तारेने बाबा गेले नाहीत. मी बाराव्याला पिंडाच्या समोर तुझ्याकडे बोट करून "याने बुडवलं त्यांना" म्हणाले, ते बोट माझ्याकडे हवं होतं. तू मान खाली घालून ऐकलंस. महिन्याच्या आत गाव सोडलंस. पाण्याशी आपल्या घराण्याचं इतकं नातं, आणि तू तिसऱ्या मजल्यावर जाऊन राहिलास, जिथून पाण्याची टाकी तेवढी दिसते.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. दोऱ्याची ड्रममधली टोकं कुरतडल्यासारखी झाली आहेत, ते ठीक. पण कडीला बांधलेला भाग तुटलेला नाही. कापलेलाही नाही. तिथे गाठीची मुरड जशीच्या तशी आहे, गाठ हाताने सोडल्यावर धाग्यात राहते तशी. मी दोन गाठी मारल्या होत्या. दोन्हींची मुरड आहे. वादळात, उलटणाऱ्या होडीवर, त्या गाठी कोणी सोडल्या?

तुला माहीत आहे. म्हणूनच 'उघडू नकोस' म्हणालास. आता उघडला आहे, तेव्हा सांग.

प्राची


कोलशेत, ५ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझं पत्र पोस्टाने आलं, पहिल्यांदाच आईच्या पिशवीतून नाही. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. तुझंच तुला लिहून दाखवते, म्हणजे नंतर असं म्हटलंच नव्हतं म्हणायला नको.

"राखी अडकलेली मला मागून दिसलेली. मी ओरडलो, बाबा, सुरी मारा. त्यांनी सुरीला हात घातला आणि परत काढला. म्हणाले, 'पोरीची राखी हाय ती. कापाची नाय. सोरतो मी.' मी पुन्हा ओरडलो. ते हसले. पहिली गाठ सुटली, दुसरीला वेळ लागला. सुटली तेव्हा हात वर करून मला दाखवला. मी दोरी ओढली, सुटलेला दोरा आत गेला, तेवढ्यात वारा फिरला. तुला हे कळू नये असं वाटत होतं. मी थोरला आहे. आणि तार जरा ढिली होतीच, त्यामुळे तू म्हणालीस ते अगदीच खोटं नव्हतं."

हे वाचून मी रडले असं तुला वाटत असेल. नंतर रडले. आधी मला तुझा राग आला, इतका की गेली नऊ वर्षं केला तो लुटुपुटूचा वाटावा. कोणी सांगितलं होतं तुला थोरलेपणा करायला? बाराव्याला तू तोंड उघडलं असतंस तर मी तिथेच कोसळले असते, खरं आहे. पण ते कोसळणं माझं होतं. तू कोण ते स्वतःकडे ठेवून घेणारा? तू मला नऊ वर्षं चुकीचं वागू दिलंस. तुझ्या पोराला आत्या नाही, माझ्या मुलीला मामा नाही, आणि आईला पोटच्या पोराला भेटायला देवाचं निमित्त लागतं. यातलं निम्मं माझ्या जिभेने केलं आणि निम्मं तुझ्या गप्प बसण्याने. माझं निम्मं मी घेते. तुझं मी माफ केलेलं नाही, आणि लवकर करीन असं वाटत नाही.

बाबांचाही राग आला. चपलेचा पट्टा कापणाऱ्या माणसाला एक दोरा कापवला नाही. माझ्यासाठी म्हणून. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कापा हो, पुढच्या वर्षी दुसरी आणीन. मी धक्क्यावरून तेच तर ओरडत होते.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलेलंच. सुरी म्यानात होती ना." म्हणजे तीही. तुम्हा सगळ्यांनी मिळून मला सांभाळलंत, आणि मी एकटी घरभर नाक वर करून फिरत राहिले.

नऊ तारखेला सगुणा पाण्यात जाते आहे. बाजूच्या तारा तिसऱ्या भोकात, पुढची बावीसवर, सगळं तुझ्या कागदाप्रमाणे. होडीची राखी समृद्धी डोलकाठीला बांधणार आहे, डोक्याच्या वर, जिथे काही फिरत नाही. आईने तिला देवघरातली सुरी दिली. सुदेशने तिच्यासाठी मागच्या बाकाखाली म्यान ठोकलं आहे, दोरी धरणाऱ्याच्या हाताशी. नारळ सोडायला सगळा गाव धक्क्यावर असेल. बाराव्याला जितक्या मोठ्याने बोलले होते, तितक्याच मोठ्याने मी खरं काय ते सांगणार आहे. तू ये असं मी म्हणत नाही. यायचं तर ये, कोणी अडवणार नाही. मी बोलेन का, ते मला आत्ता सांगता येत नाही.

पाकिटात राखी आहे. नऊ वर्षांची मिळून एकच. बारीक घेतली आहे, साध्या दोऱ्याची, गोंडा नाही. तू दिवसभर फिरत्या तारांत हात घालतोस. कुठे अडकली तर कापून टाक. सोडवत बसू नकोस.

प्राची